बारुदीची झडती

पोरहो, दुसऱ्याच्या जागेवर बसलेल्या माणसाला शांत झोप लागत असेल का? इंद्रभानकाकाला लागत नव्हती. त्यानंच माझ्या बापाला सांगितलेली ही गोष्ट.

साल १९४६. जानराव जबलपूरकडच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होता. तो लढाईवर ब्रह्मदेशात गेला आणि त्याची जागा गावच्याच इंद्रभानला मिळाली. कारखान्याचा शब्द होता, परतलेल्या शिपायाला त्याची जागा परत. फक्त जानेवारी सरायच्या आत हजर व्हायचं. सुट्टीवर निघालेल्या इंद्रभानजवळ फोरमनसाहेबानं जानरावसाठी हाच निरोप दिला.

गावात येतो तर लढाईवरून परतलेल्या जानरावच्या गळ्यात हार, डोक्याला फेटा! इंद्रभानचा जीव जळला. 'बारूद म्या भरली, खोकला मले लागला, आन मान याले? आता जागाबी यालेच?'

त्यानं निरोप पोटातच ठेवला. पुढं जानराव हिवतापानं अंथरुणाला खिळला. भोगीच्या संध्याकाळी इंद्रभान निघाला, तेव्हा जानरावच्या बायकोनं, रुख्मिणीनं, वाटेसाठी तिळाची भाकर बांधून दिली.

"भाऊजी, ह्यायच्या जागेचं काई बोलला का जी सायब?"

"काईच नाई, वहिनी."

जऊळका स्टेशनाची वाट अंधारी. मागून पावलं वाजली.

"कोन हाय?"

"मीच."

जानराव! अंगात फौजी कोट.

"अबे, तुले तं ताप..."

"उतरला."

दोघं चालले. नाल्याशी जानराव थांबला. जोडे काढले. खिसे उलटे केले. हात वर. कारखान्याच्या फाटकावर रोज हेच. झडती दिल्याशिवाय आत पाऊल नाही.

"घे झडती."

इंद्रभाननं हात लावला. अंग गार... दगडासारखं.

"आता तुही दे."

हात आपोआप वर गेले. गार बोटं... काखेत... बरगड्यांवर... पोटाशी थांबली.

"कुठं दडवला रे माहा निरोप?"

...

इंद्रभान पळाला. स्टेशनावरच्या कंदिलाखाली कोसळला. रात्रीची गाडी आली, गेली.

पहाटे गावचा कोतवाल जानरावच्या सासरी सांगावा न्यायला स्टेशनावर आला. इंद्रभाननं रुख्मिणीचा उंबरठा सोडला, त्याच घटकेला जानरावचा जीव गेला होता.

इंद्रभानच्या पांढऱ्या बंडीवर बारुदीनं माखलेल्या दहा बोटांचे ठसे होते. जानरावनं तर तीन वर्षांत कारखाना पाहिला नव्हता.

सकाळची गाडी आली. इंद्रभान तीत चढला नाही.