मधली गाडी

डेपोचं फाटक लागलं, तसे वायरमनकाका पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर टेकले. नवीन ड्रायव्हर पोरं भोवती बसलीच होती. काका म्हणाले, ही गोष्ट ऐकीव नाही. ज्याच्यावर बेतलं, त्याच्या गाडीचं वायरिंग मीच बघायचो.

थंडी ओसरत आलेली. शुक्रवारची रात्र, अकरा वाजून गेलेले. काम नेहमीचंच. औषधांची खोकी भरलेले दोन ट्रक उजाडायच्या आत पलीकडच्या शहरात न्यायचे. पुढे मामा, मागे त्यांचा धाकटा भाचा.

आधी या तीन गाड्या होत्या. बिनतारी जोडलेल्या. पुढच्याने ब्रेक दाबला की मागच्या दोन्ही त्याच क्षणी आपसूक मंदावायच्या. मागच्यांनी फक्त स्टेअरिंग सांभाळायचं. मधल्याला वाटेत वेगळं व्हायचं असलं, तर शेवटच्या गाडीच्या स्क्रीनवर विचारणा यायची. शेवटच्याने 'हो' दाबल्याशिवाय मधली सुटायची नाही. मधल्या गाडीवर थोरला भाऊ होता. तो धाकट्याला शेपूट म्हणायचा. या शेपटाला विचारल्याशिवाय मला हलता येत नाही, काय दिवस आले, असं म्हणून सगळ्यांना हसवायचा.

उन्हाळ्यात तो गेला. जोडणीतून सुटला, एकटाच जुन्या गोदामाच्या फाट्याला लागला आणि पहिल्याच वळणावर गाडीसकट खाणीत पडला. सुटताना 'हो' धाकट्यानेच दाबलं होतं.

मालकाने सांगितलं, मधल्या गाडीचा नंबर जोडणीतून काढ. नसलेल्या गाडीला मशीन जागा ठेवत बसेल, कोणाचा तरी जीव जाईल. धाकटा म्हणाला, काढला. काढला नव्हता. बोट तिथवर जायचं आणि मागे यायचं. नंबर पुसला की भाऊ खरंच गेला, हे त्याच्या डोक्यात घट्ट बसलं होतं.

त्या रात्री घाट चढून गाड्या सपाटीला लागल्या. धाकट्याच्या लक्षात आलं, मामांच्या गाडीचे लाल दिवे लांब गेलेत. मध्ये एक ट्रक मावेल एवढी जागा. त्याने कशालाच पाय लावला नव्हता. गाडी आपणहून मागे राहिली होती. मामांनी वायरलेसवर चेष्टा केली, गाडी सासरी निघालीय का, पाय निघत नाही तिचा.

धाकटा हसला नाही. स्क्रीनवर तीन गाड्या दिसत होत्या.

मधलीचा ठिपका हिरवा.

हेडलाइटचा उजेड पुढे पडत नव्हता. मध्येच कशाला तरी अडत होता.

"मामा... आरशात बघा जरा."

मामांनी आरशात बघितलं. मग हळूच म्हणाले, "तुझे दिवे दिसत नाहीत रे. कशाने तरी झाकलेत."



गोदामाचा फाटा जवळ आला. स्क्रीन उजळली. मधली गाडी सुटू मागते. हो? नाही?

त्याने 'नाही' दाबलं.

गाडी मंदावली. मामांचीही. मामा म्हणाले, ब्रेक मी मारलेला नाही.

पुन्हा विचारणा. पुन्हा 'नाही'.

फाट्यावर दोन्ही गाड्या थांबल्या. इंजिनं चालू. एक मामांचं. एक त्याचं. आणि मधून... तिसरं.

स्क्रीन उजळली.

"दादा, नको ना जाऊस."

नुसतं ते इंजिन. धीर धरून उभं असलेलं.

"अडवू नकोस त्याला, बाळा," मामा म्हणाले. "दमला असेल तो."

धाकटा ओक्साबोक्शी रडला. मग बोट टेकवलं.

हो.

तिसरा आवाज डावीकडे वळला. लांब गेला... विरला. धाकट्याची गाडी आपोआप पुढे सरकली आणि मामांच्या पाठीशी जाऊन उभी राहिली.

काका थांबले. एका पोराने चाचरत विचारलं, मशीन बिघडलं असेल का. काका म्हणाले, मलाही तसंच वाटलं. उजाडल्यावर मी स्वतः फाट्यावर गेलो. तो रस्ता अपघातापासून बंद आहे. तोंडाशी सिमेंटचे ठोकळे टाकलेत, माणसालाही अंग चोरून जावं लागतं. पलीकडे नुसती धूळ. त्या धुळीत ट्रकच्या जोडटायरांचे ताजे ठसे होते. ठोकळ्यांच्या आतून सुरू झालेले. मी त्यांच्या मागे मागे वळणापर्यंत गेलो.

"मग?"

काकांनी खाली बघितलं.

"वळण नीट घेतलं होतं."