चार बोटं उंची

नोकरी मेळाव्यातल्या अकराव्या टेबलावरही तिने तेच ऐकलं. "शरीराच्या हालचालींचं शास्त्र? म्हणजे व्यायामशाळेत शिकवणार?" बाराव्यावर विचारलं, मालिश जमतं का. पदवी फाइलीत कोंबून ती तरातरा वळली आणि – शिडीवर आदळता आदळता वाचली. वर एक तरुण सुतार फलक ठोकत होता. दर घावाला त्याचा उजवा खांदा कानाशी जायचा आणि ओठ दाबले जायचे.

"खांदा दुखतोय तुमचा. दोनतीन महिने तरी झालेत."

त्याने खाली पाहिलं. "हात न बघता भविष्य सांगता?"

"हातच तर बघतेय..." ती बोलून गेली, आणि मग कान तापले तिचे.

तो उतरून आला. "काकाला सांगू नका हं. कळलं तर कारखान्यातून उठवून दुकानात बसवेल मला. रंधा सुटला तर मी कुणीच नाही."

हसत सांगितलं त्याने, पण तिला ते वाक्य ओळखीचं वाटलं. 'मी कुणीच नाही' असं मनाशी म्हणतच ती बारा टेबलं फिरली होती की.

दुसऱ्या दिवसापासून, काका दुकानात गेले की, ती त्याच्या कारखान्यात जाऊ लागली. कोन मोजले, रबरी पट्टा दाराला बांधून व्यायाम दिले.

"शाळेत एवढा अभ्यास केला असता तर मीही पदवीधर झालो असतो," तो म्हणायचा.

"शाळेत मी नव्हते ना."

"तेच तर..." तो म्हणायचा, आणि पट्टा सटकायचा.

दोन आठवडे झाले. दुखणं तसूभर हललं नाही. तेवढ्यात परगावच्या फिटनेस क्लबचं पत्र आलं – शुक्रवारपर्यंत होकार कळवा. आई म्हणाली, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस." पळता कोण, हे आईला बरोबर ठाऊक होतं.

गुरुवारी ती निरोप घ्यायला गेली. तो रंधा मारत होता. ती दारातच थांबली. वही नाही, मोजपट्टी नाही, नुसती बघत राहिली. आणि तेव्हा दिसलं. काका नुकतेच कामावरून उठून दुकानात गेले होते; त्यांचं टेबल त्यांच्या कमरेखाली होतं. याचं पार पोटापर्यंत आलं होतं.

"हे टेबल कुणाच्या मापाचं?"

"बाबांच्या. त्यांनीच केलेलं. माझ्यापेक्षा चांगले उंच होते ते." त्याने फळीवरचा भुसा हलकेच पुसला. "गेल्यापासून मी यावरच काम करतो."

तिने कपाळावर हात मारला. "आणि मी मेली तुम्हालाच मोजत बसले! पाय चार बोटं कापा याचे, खांदा खाली येईल."

रंधा थांबला. "बाबांचं टेबल नाही कापणार. खांदा गेला तरी चालेल."

तिला राग यायला हवा होता. आला नाही. उलट तो आणखीच आवडला, मेला.

"मग जमीन उचला," ती म्हणाली, आणि क्लबच्या पत्राचं सांगून निघाली.

शुक्रवारी दुपारी त्याने बोलावून घेतलं. टेबलापुढे नवीकोरी लाकडी पायरी होती, चार बोटं उंच. तो चढला, रंधा धरला. खांदे कसे जागच्या जागी. काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "पोरी, याच्या खांद्याचं मला केव्हाच कळलं होतं. पलीकडच्या कारखान्यात निम्मी माणसं कंबरेला पट्टा बांधून फिरतात. मालकाशी बोललोय मी. माणसं बघ, टेबलं बघ. उद्यापासून येतेस का, विचारतोय." आणि काही काम नसताना ते दुकानात निघून गेले.

तिचं लक्ष पायरीवर होतं. "एवढी लांब कशाला? एका माणसाला निम्मी पुरली असती."

"एका माणसाला पुरली असती..." तो रंध्यातली साल काढत बसला, जी केव्हाच निघाली होती. "क्लबला काय कळवलंस?"

"अजून काहीच नाही."

"मग इथे उभी राहून कळव ना."

ती चढली. त्याच्या शेजारी जागा बरोबर तिच्या मापाची होती. फोन लावून तिने क्लबला नकार दिला, अगदी गोड आवाजात. मग त्याने हात उचलून तिच्या खांद्यावर ठेवला – उजवाच, आणि ओठ न दाबता.