माझ्या पेशींना जेवू घालणारा

शिवराज मला पहिल्यांदा दिसला, तो माझ्याच इन्क्युबेटरमध्ये डोकं घालून!

"चुकून उघडलं," म्हणाला आणि हसला. हसू छान होतं. छान हसणाऱ्या माणसांवर मी मुळीच विश्वास ठेवत नाही. त्यातून हा शेजारच्या लॅबचा, आणि त्याचे सर नि माझ्या कविता मॅडम यांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य.

"तू काचीगुड्याची ना, त्रिवेणी? आम्ही शेजारच्याच नारायणगुड्याचे."

"चौकशी बरीच केलेली दिसते."

"थोडी... नको होती करायला?"

मी दार धाडकन लावलं. गाल का तापले, ते मला तेव्हा कळलं नाही.

माझं काम साखरेचं. कोंबडीच्या पेशींना गाठी उठवणारा विषाणू लागला, की त्या अधाशासारखी साखर खातात, आम्ल बाहेर टाकतात आणि बशीतलं गुलाबी द्रव पिवळं पडतं. निरोगी पेशींचं इतक्या लवकर पडत नाही. हा फरक दाखवला की माझी पीएचडी झाली! पण दर सोमवारी बघावं, तर विषाणूवाल्या बश्याही गुलाबीच्या गुलाबी.

"या खेपेलाही हेच झालं, तर विषय बदल," मॅडम म्हणाल्या. म्हणजे आजवरचं सगळं पाण्यात.

माझा संशय कुणावर गेला असेल, सांगायला नको. रविवारी सकाळी मी मुद्दाम आले आणि कपाटामागे दडून बसले. थोड्या वेळानं शिवराज आला... हातमोजे चढवले, माझ्या बश्या काढल्या, त्यातलं द्रव ओढून टाकलं आणि ताजं भरू लागला. वर हळूच म्हणतो कसा, "खा गं बायांनो, पोटभर खा."

"सापडलास! कुणी पाठवलं तुला? सरांनी?"

तो दचकला. "पाठवलं? अगं, पिवळं पडलं होतं की! उपाशी मरतील म्हणून बदललं. आमच्या लॅबमध्ये सुट्टीला गेलेल्याच्या पेशींना आम्ही असंच जेवू घालतो."

"मला पिवळंच हवं होतं, हौल्या, मूर्खा!"

त्याचा चेहरा पडला. "म्हणजे... तुझा पुरावा मी दर रविवारी फेकत होतो?"

"हौ. पण माझ्याच पेशी का?"

त्याचे कान लाल झाले. "तू या बश्यांकडे किती मायेनं बघतेस... तुझ्याशी बोलायची हिंमत होईना. म्हटलं, निदान यांना तरी—"

मला ओरडायचं होतं. जमेना! पण इतकं गोड बोलणारा खरं बोलतो कशावरून?

"खरं असेल तर उद्या मॅडमना सांग."

"आमच्या सरांना कळलं तर लॅबमधून हाकलतील मला."

"मग राहू दे," म्हणून मी तरातरा निघाले. तो येणार नाही, याची मला खात्री होती.

सोमवारी मी मॅडमच्या केबिनमध्ये शिरले, तर हा आधीच उभा. द्रव बदलल्याचं सांगून मोकळा झालेला.

"म्हणजे विषाणू चांगला लागला होता तर! बश्या पुन्हा लाव, त्रिवेणी," मॅडम खूश झाल्या. मग डोळे बारीक करून त्याच्याकडे वळल्या. "पण परक्या लॅबच्या पेशींचा एवढा पुळका? कुणाच्या सांगण्यावरून? खरं बोल, नाहीतर तुझ्या सरांनाच बोलावते."

तो खाली बघत राहिला. "माझीच चूक, मॅडम," एवढंच. माझं नाव येऊ नये, म्हणून गप्प होता वेडा! मॅडमचा हात फोनकडे गेला.

"मॅडम, त्याचं माझ्यावर प्रेम आहे," मी बोलून गेले.

"असं? पुरावा?"

"तो त्यानं दर रविवारी फेकून दिला," मी म्हणाले. शिवराजनं मान वर केली, आणि त्याच्याकडे बघतच मी पुढचं म्हणाले, "पण माझंही आहे."