कळणावीरची पंगत

कुंदन सकाळी दहावीच्या पोरांना गणित शिकवायचा आणि दुपारी एका माणसाला कळण्याची भाकरी खाऊ घालून राक्षसांच्या अंगावर सोडायचा. त्या माणसाचं नाव कळणावीर. उडीद-ज्वारीची भाकरी आणि वर मिरचीचा ठेचा एवढं पोटात गेलं की कळणावीर एका हाताने ट्रॅक्टर उचलत असे. या कॉमिकचा पहिला अंक निघाला तेव्हा धुळेकरांनी तो हातात घेतला, पुढून-मागून बघितला, "छान आहे हो, चालू ठेवा," असं म्हटलं आणि परत जागच्या जागी ठेवून दिला. उरलेले गठ्ठे कुंदनच्या पलंगाखाली गेले. घरी पाहुणा आला की कुंदनची आई, लताबाई, चहाबरोबर एक अंक त्याच्या हातात देऊन टाकायची. नको म्हणायची सोय नव्हती.

चित्रं काढायचा आवेज. पाचकंदील चौकाजवळ त्याचं नंबरप्लेट रंगवायचं आणि रेडियम कापायचं दुकान होतं. धुळ्यातल्या निम्म्या ट्रकांच्या पाठीवरचे मोर आणि गुलाब त्याच्या हातचे. कुंदन त्याला कलावंत म्हणायचा तेव्हा आवेज लाजून म्हणायचा, "कलावंत कसला यार. ट्रकवाला डोक्यावर उभा राहतो, मग हात आपोआप बसतो."

दुसरा अंकही पलंगाखाली जाऊ नये म्हणून कुंदनने एक शक्कल काढली. अंकाच्या शेवटी कळणावीर राक्षसाला लोळवतो आणि असोद्याच्या केळीच्या बागेत भरीताची पंगत बसते. जो आधीच अंक नोंदवेल त्याला आवेज या पंगतीत बसवणार. फोटो पाठवा, बसा, जेवा.

आणि लोकांनी फोटोंचा पाऊस पाडला. कॉमिक वाचायला कुणाला सवड नव्हती, पण पंगतीत बसायला अख्खा खानदेश तयार. कुणी लग्नातला गॉगल घातलेला फोटो पाठवला, कुणी आपल्या बैलासकट. धरणगावच्या वनाबाईंनी बजावलं की मला जावेच्या शेजारी बसवू नका. मुक्ताईनगरच्या सुकदेवभाऊंना कांदा चालत नव्हता, तेव्हा त्यांच्या ताटातलं भरीत बिनकांद्याचं दिसलं पाहिजे. ते चित्रात कसं दाखवायचं या विचाराने आवेज दोन रात्री झोपला नाही, असं तो तरी सांगायचा.

शेवटी दोन पानांवर पसरलेली पंगत शाईने पूर्ण झाली. गणिताचा मास्तर असल्यामुळे कुंदनने सवयीने आधी ताटं मोजली, मग माणसं मोजली. माणूस एक जास्त भरला. पुन्हा मोजलं. तरी एक जास्तच.

तो ओळीच्या अगदी टोकाला बसला होता. करडा सफारी, कानाभोवती मफलर, चेहरा असा की पाहताक्षणी ओळखीचा वाटावा आणि नाव काही आठवू नये. वाढप्याला "पुरे पुरे" म्हणताना धरतात तसा त्याने हात आडवा धरला होता. हाताखाली ताट नव्हतं.

"हा कोण?" कुंदनने विचारलं.

"कोण म्हणजे? तूच पाठवला असशील फोटो. मला वाटलं तुमच्याकडचा."

"मला वाटलं तू जागा भरायला काढलास."

दोघांनी मोबाइलवरचे सगळे फोटो चाळले. सफारीवाला त्यात कुठेच नव्हता. रेघ मात्र आवेजचीच होती, कानाच्या पाळीला तो देतो तो झोलसुद्धा होता. आवेजने पान आपल्या दादीला, सुगराबीला, नेऊन दाखवलं. तिने चष्मा वर-खाली केला आणि म्हणाली, "अरे, ये तो तबस्सुम के निकाह में आए थे. कुंदन की तरफ के हैं ना?" कुंदनने ते घरी आईला दाखवलं. लताबाई लगेच म्हणाली, "हाऊ तुना काकाना लगीनमा व्हता ना! आवेजनाकडला शे तो."

कुंदन पोट धरून हसला. प्रत्येक लग्नात असा एक माणूस असतो. मुलीकडचे समजतात मुलाकडचा, मुलाकडचे समजतात मुलीकडचा, आणि तो बिचारा गुपचूप दोन वेळा जिलेबी घेऊन निघून जातो. आवेजच्या हाताने तसा एक सरासरी चेहरा काढला असणार. हजार चेहऱ्यांची बेरीज, भागिले हजार. कुंदनने हे गणित आवेजला समजावून सांगितलं. आवेज हसला नाही. "मी त्याला काढलेलं मला आठवत नाही," एवढंच तो म्हणाला.

खरं तर विषय तिथेच संपायचा. पण मध्ये आबा आले.

आबा म्हणजे कुंदनचे वडील, चुडामण आबा. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. इंजिनाचा आवाज ऐकून कुठला नट ढिला आहे ते सांगणारे, आणि मुलाच्या कॉमिकविषयी तोंडातून चकार शब्द न काढणारे. एकदाच बोलले होते, "गणित शिकाडीसन पोट भरस ना तुनं? मंग या चितरं कसाले?" पहिल्या अंकाची एक प्रत त्यांनी न उघडता घडी घालून कूलरच्या पायाखाली सरकवली होती, कारण कूलर डुगडुगत होता. कुंदन ते रोज बघायचा. क्लासमध्ये पोरं टाळ्या पिटायची, फोनवर अनोळखी लोक शाबासकी द्यायचे, आणि घरी येऊन कूलरकडे पाहिलं की सगळं मातीत जायचं. त्याला जगातल्या दुसऱ्या कुणाचं कौतुक नको होतं. आबांनी एकदा अंक उघडावा, एवढीच त्याची भूक होती.

आणि अंक छपाईला जायच्या आदल्या दिवशी त्याच्या टेबलावर आबांचा पासपोर्ट फोटो पडलेला सापडला. एसटीच्या जुन्या पासवरून सोलून काढलेला, कोपऱ्यात अर्धा शिक्का. आबा दाराशी उभे होते, पण बघत होते बाहेर, रस्त्याकडे.

"जागा व्हई ते बसाड," ते म्हणाले. "नई ते राहू दे."

कुंदनने फोटो उचलला. तो फोटो खिशात घालून स्कूटरवर बसला आणि थेट आवेजच्या दुकानात.

जागा नव्हती. ओळ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गच्च भरली होती. नवीन पान काढायला वेळ नव्हता, जळगावचा प्रेसवाला सकाळपासून फोन करत होता. कुंदनने टोकाच्या सफारीवाल्यावर बोट ठेवलं. "याला काढ."

आवेजने ब्रश खाली ठेवला. "पंगतीतून माणूस उठवायचा? आमच्यात दस्तरखानावरून कुणाला उठवत नाहीत. तुमच्यात पण नाही उठवत."

"अरे, कागदावरची पंगत आहे. आणि हा फुकट्या आहे."

"मग तू उठव. मी नाही."

कुंदनने सफेद्याची बाटली उघडली आणि स्वतःच्या हाताने त्या माणसाला पुसलं. आधी मफलर, मग सफारी. चेहरा काही केल्या जाईना. सफेदा वाळला की खालून तो पुन्हा डोकावायचा, "पुरे पुरे" म्हणत. तीन थर दिल्यावर एकदाचा गेला. मग आवेजने त्या जागी फोटो बघून आबांना बसवलं, समोर ताट काढलं, ताटात भरीत वाढलं. आबा इतके हुबेहूब उतरले की कुंदनच्या डोळ्यांत पाणी आलं. आवेजलाही बरं वाटलं असावं. त्याने आबांच्या ताटात स्वतःहून एक जास्तीची पुरी काढली.

प्रकाशन जळगावला झालं, एका पुस्तकाच्या दुकानाच्या माडीवर. आबा आले नाहीत. "मी घरीच देखसू," म्हणाले. त्यांच्यासाठी पहिली प्रत कुंदनने वेगळी बांधून ठेवली होती. प्रमुख पाहुण्यांचा समज झाला होता की हे पाककृतींचं पुस्तक आहे, त्यामुळे ते वांगं कसं भाजावं यावर अर्धा तास बोलले, आणि लोकांना ते भाषण फार आवडलं. मग सगळ्यांनी अंक हिसकावून घेतले आणि जो तो पंगतीत स्वतःला शोधू लागला. सुकदेवभाऊंनी आपल्या भरीतात कांदा नसल्याची भिंग लावून खात्री केली. वनाबाई जावेपासून लांब बसल्या होत्या, पण जावेला पुढची ओळ मिळाल्याने रुसल्या. कुंदन तरंगत होता.

तेवढ्यात रुपचंदमामा जवळ आला. आईचा सख्खा भाऊ. आबांच्या मांडीला मांडी लावून पत्ते खेळण्यात त्याची अर्धी हयात गेली होती. त्याने ओळीच्या टोकावर बोट ठेवलं.

"भाचा, हाऊ कोन शे रे? देखेल शे याले. लगीनमा. आवेजनाकडला शे का?"

कुंदन हसला. "मामा, चष्मा घाला."

"घालेल शे ना."

खरंच घातला होता.

कुंदनला वाटलं, मामा चेष्टा करतोय. मग वनाबाईंनी तेच विचारलं. त्यांनी आबांना कधी पाहिलं नव्हतं, तेव्हा ते सोडून दिलं. पण मग देवपूरचे शेजारी पितांबरनाना, रोज सकाळी आबांबरोबर पांझरा नदीच्या काठाने फिरायला जाणारे, मान वाकडी करून म्हणाले, "चेहरा ओळखीचा आहे हो. नाव येत नाही."

कुंदनने आवेजला गाठलं. आवेज भिंतीशी उघडा अंक घेऊन उभा होता.

"कुंदन," तो हळू आवाजात म्हणाला, "हा टोकाचा कोण? मीच काढलाय. पण फोटो कुणी दिला होता?"

"आवेज, आबा आहेत ते."

आवेजने पानाकडे बघितलं, मग कुंदनकडे. "काहीतरी काय. आबांना मी ओळखत नाही का?"

कुंदनने घरी फोन लावला. आबा कुठे आहेत, त्याने विचारलं.

"आबा?" लताबाई म्हणाली. "आठे घरमाच शेतस. पुस्तकनी वाट देखी राहिनात. तू लवकर ये."

त्याचा जीव भांड्यात पडला. तरी त्याने मिळेल ती बस पकडली.

बसमध्ये त्याने खिशातून आबांचा फोटो काढला आणि एकटक बघत बसला. रुंद कपाळ. नाकाच्या बाजूला तीळ. अर्धा शिक्का. क्लासमधली पोरं सूत्रं घोकतात तसं तो मनात घोकत होता. पारोळ्याला बस थांबली. चहावाला खिडकीशी आला. कुंदनने चहा घेतला, दोन घोट प्यायला, आणि डोळे मिटून तीळ आठवून पाहिला.

डावीकडे की उजवीकडे?

त्याने फोटो बघितला. डावीकडे.

बस सुटली. थोड्या वेळाने त्याला पुन्हा बघावं लागलं.

धुळ्याला उतरला तेव्हा दिवेलागण झाली होती. घराचं दार उघडं होतं. कढत तेलात पडलेल्या मिरच्यांचा वास येत होता. आबांच्या पाटावर एक माणूस जेवत होता. करडा सफारी. कानाभोवती मफलर.

कुंदन उंबऱ्यात थिजला.

"आई, हे कोण?"

"कोन म्हंजे?" लताबाई भाकरी थापता थापता हसली. "पुस्तक निंघनं ते आबालेबी वळखस नई का? पाय पड त्यासना."

माणसाने मान वर केली. चेहरा मायाळू होता. कितीतरी दिवसांचा उपाशी माणूस जेवायला बसावा तसा तो जेवत होता. एक भाकरी संपवून त्याने दुसरी घेतली.

"उना का रे?" तो म्हणाला. "बठ. जेवी ले."

कुंदनला ओरडायचं होतं. त्याने खिशात हात घातला. फोटो हाताला लागला. तो कुणाचा होता आणि आपल्या खिशात का आला, हे आठवायला त्याला क्षणभर वेळ लागला. मग त्याने तो बाहेर काढलाच नाही.

भाकरीचा वास फार छान येत होता. त्यालाही भूक लागली होती.

"पुस्तक देखाड," माणूस म्हणाला.

कुंदनने वेगळी बांधलेली प्रत सोडून पुढे केली. माणसाने हात पुसले आणि अंक उघडला. पहिल्या पानापासून, एकेक चौकट, बोट फिरवत. मध्ये दोनदा हसला. आपला अंक कुणीतरी घरात बसून इतक्या मायेने वाचतंय हे बघून कुंदनचा ऊर भरून आला. किती वर्षं वाट पाहिली होती त्याने या क्षणाची.

शेवटची पंगत आली. माणसाचं बोट ओळीवरून सरकत सरकत टोकाला थांबलं. तिथे रुंद कपाळाचा, नाकाशेजारी तीळ असलेला एक म्हातारा भरल्या ताटासमोर बसला होता. तो जेवत नव्हता. सगळी पंगत खाली मान घालून जेवत होती आणि तो एकटा पानाच्या बाहेर, सरळ कुंदनकडे बघत होता.

"हाऊ कोन रे?"

कुंदनने वाकून नीट निरखून पाहिलं.

"काय माहीत, आबा. आवेजनी काढेल व्हई कोनी तरी," तो म्हणाला, आणि हात धुवायला मोरीकडे गेला.