हललं कोण?

“अगं मित्रा, वेल उलटा पळाला!” सुशांत खुर्चीतून जवळजवळ पडलाच.

संघमित्रा कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघतच राहिली. रोज सकाळी सातला एक, असे एकवीस दिवसांचे एकवीस फोटो. पहिल्यात पत्र्याच्या डब्यातून डोकावणारी दोन पानं. शेवटच्यात दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला मिठी मारून बसलेला भरगच्च दोडक्याचा वेल. सगळे फोटो एकामागून एक भरभर दाखवले की वेल सरसर वर चढेल, असा बेत होता. झालं भलतंच! वेल कठड्यावरून बिचकत खाली उतरला, अंग चोरत चोरत लहान झाला आणि डब्यातल्या मातीत गडप!

“घाबरला वाटतं,” दहा वर्षांची आकांक्षा म्हणाली. “दादाचं तोंड बघितलं असेल!”

“ए गप गं!” सुशांतने बहिणीला टपली मारली.

“थर उलटे लागलेत,” संघमित्राला एकदम उमगलं. “एकेक फोटो म्हणजे एकेक थर, थालीपिठांच्या चळतीसारखा. हे जिम्प सगळ्यात खालचा थर आधी दाखवतं. आणि तू पहिल्या दिवसाचा फोटो सगळ्यात वर ठेवलास, शहाण्या!”

जिम्प हे त्या फुकटच्या सॉफ्टवेअरचं नाव. परळच्या त्यांच्या चाळीत पहिल्या मजल्यावर अभ्यासिका होती आणि तिथे एक म्हातारा, धापा टाकणारा कॉम्प्युटर होता. सुट्टी लागल्यापासून या तिघांनी त्याला क्षणाची उसंत दिली नव्हती. शिकवणारं कुणी नाही. मेनू उघडायचा, बटण दाबायचं आणि काय होतंय ते बघायचं! उद्या बुद्धपौर्णिमा. संध्याकाळी अंगणात खीर, गाणी, आणि हिंदमाताच्या कापडबाजारातून आणलेल्या पांढऱ्या शुभ्र कापडावर या तिघांचं हलतं चित्र. सगळी चाळ बघणार होती!

संघमित्राने थर उलटवले. आता वेल धावला. खरोखर धावला! डब्यातून उठला, सुतळीचं बोट धरून पहिला मजला ओलांडून गेला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या जाईआजींच्या कठड्याला जाऊन बिलगला.

जाईआजी रोज वरून तांब्याने पाणी सोडायच्या तेव्हा गुणगुणायच्या,

वेल चढला चढला, धरून सुतळीचा हात
खाली अंधारात मूळ, वर उन्हाला पात

“पण हे असं थरथरतंय का?” आकांक्षाने विचारलं.

खरंच की! वेल चढताना चित्रात काहीतरी हिंदकळत होतं. संघमित्राच्या कपाळाला आठी पडली. फोन तर रोज एकाच जागी असायचा. जाईआजींच्या गॅलरीसमोर, अंगणापलीकडे असलेल्या या अभ्यासिकेच्या खिडकीच्या गजांना बुटांचा खोका घट्ट बांधला होता. त्यात पेन्सिलीच्या खुणेवर आईचा जुना फोन ठेवायचा आणि बटण दाबायचं. हे काम आकांक्षाचं.

“हिनेच फोन हलवला असणार!” सुशांत म्हणाला.

“मी? मी रेघेला रेघ लावून ठेवते!” आकांक्षाचे डोळे भरून आले. “आईची शप्पथ!”

“भांडू नका रे,” संघमित्रा म्हणाली. “आपण थर जुळवून घेऊ.”

तिने वरचा थर अर्धवट पारदर्शक केला. आता खालचा फोटो त्यातून दिसू लागला, पातळ साडीतून दिवा दिसावा तसा. वेल जिथे पोचतो तो जाईआजींचा कठडा तिने प्रत्येक थरात एकावर एक बसवला. तासभर खपून एकवीस थर जुळवले आणि चित्र सुरू केलं.

कठडा शांत उभा राहिला. पण बाकीची चाळ वर चालली!

दारं, खिडक्या, भिंतीवरचा पाइप, सगळं हळूहळू वर सरकत होतं. जणू चाळीला पंख फुटले होते आणि जाईआजी तेवढ्या मागे राहिल्या होत्या!

“आईशप्पथ!” सुशांत पुटपुटला. “चाळ उडाली!”

संघमित्राच्या डोक्यात नुसता गुंता झाला. स्टँडवर उभ्या बसमधून शेजारची बस सुटली की आपणच निघालो असं वाटतं ना, तसं झालं. हललं कोण? फोन? चाळ? की आपलंच डोकं?

“मित्राताई,” आकांक्षा नाक पुसत म्हणाली, “कठड्याऐवजी पाइप जुळवून बघ ना.”

पुन्हा एक तास. या वेळी पाइप एकावर एक बसला. आणि काय आश्चर्य! पाइप जागेवर बसताच दारंही जागेवर, खिडक्याही जागेवर, भिंतीवरची पाटीसुद्धा जागेवर. कुणी तसूभर हलेना. फक्त एकच गोष्ट हलत होती. कोपऱ्यातली, जाईआजींच्या दारापुढची गॅलरी. ती खाली येत होती. थोडी... अजून थोडी... अजून थोडी.

आकांक्षाने खुर्ची पडद्याजवळ ओढली.

“फोन हलला असता तर सगळंच एकसारखं हललं असतं, एकटी गॅलरी नाही,” संघमित्रा सावकाश म्हणाली. “म्हणजे अक्की, तू फोन नाही हलवलास.”

“बघ!” आकांक्षाने दादाला जीभ दाखवली. आणि लगेच तिचा चेहरा उतरला. “म्हणजे... गॅलरी हललीय?”

सुशांत खिडकीशी धावला. समोर गॅलरी होती तशीच होती. आजी कठड्याला टेकून डाळ निवडत होत्या. “मला तर सरळच दिसतेय यार!”

“कितवा फोटो? कधीपासून?” संघमित्राने एकेक थर डोळा मिटून उघडावा तसा बंद-चालू केला. तेराव्या फोटोपर्यंत गॅलरी शहाण्यासारखी उभी होती. चौदाव्यात आजींच्या दाराजवळ वाळूच्या गोण्या आणि लाद्यांचे खोके दिसत होते. आणि तिथून पुढे गॅलरी रोज थोडी खाली!

“रमाकांत ठेकेदाराचं सामान ते,” सुशांत म्हणाला. “संडासाच्या दुरुस्तीचं. खाली ठेवलं तर चोरीला जाईल म्हणून वर ठेवलंय.”

“आजींचं दार सहा फूट,” आकांक्षा बोटांवर मोजू लागली. “फोटोत दार सातशेवीस ठिपक्यांचं. म्हणजे दहा ठिपक्यांचा एक इंच. आणि गॅलरी उतरली पंधरा ठिपके. म्हणजे...”

“दीड इंच!” तिघं एकदम ओरडली.

आणि उद्या संध्याकाळी? कार्यक्रम अंगणात, पण चाळीची रीतच अशी की बघणारे गॅलऱ्यांत. कोपऱ्यातून सगळं उत्तम दिसतं, म्हणून सगळ्यात जास्त गर्दी नेमकी जाईआजींच्या दारात! पन्नास माणसं, त्या गोण्या, ते खोके. आणि मधोमध स्टुलावर बसलेल्या ऐंशी वर्षांच्या आजी. संघमित्रा कुशाबाकाकांना बोलवायला धावली.

*

कुशाबाकाका म्हणजे चाळीच्या कमिटीचे सेक्रेटरी. ते जाईआजींच्या शेजारीच राहायचे. त्यांनी पडद्याकडे दोन सेकंद बघितलं आणि पोट धरून हसले.

“अरे पोरांनो, हे बोटाएवढं चित्र, ते पण तुम्हीच सरकवलेलं! आणि मला सांगता गॅलरी पडते? सागवान आहे ते, सागवान! शंभर वर्षं झाली. आत्ता मार्चमध्ये रमाकांतने ऑइलपेंट मारलाय.”

“पण काका, पाइप हलत नाही, आणि गॅलरी...”

“तुमचा फोन हलला असेल! जा, क्रिकेट खेळा शिवाजी पार्कात.”

जाईआजींनीही आपल्या मालवणीत हातच झटकले. “अगो चेडवा, माझ्या गॅलरीक काय जाता? नवरी होऊन इल्लय तेव्हापासून हयच उभी आसय!”

संघमित्रा जिन्यात बसून राहिली. मोठी माणसं इतक्या ठामपणे बोलली की आपणच खोटे वाटू लागतो. खरंच आपण चुकीचा थर धरला असेल का? तिचे आजोबा इथे असते तर! शामराव आजोबा गिरणीच्या सुतारखात्यात तीस वर्षं होते. पण डोळ्याच्या ऑपरेशननंतर ते शीवला आत्याकडे राहिले होते. उद्या दुपारी येणार होते.

“काकांना बोटाएवढं दिसलं,” ती अचानक म्हणाली. “मग भिंतीएवढं दाखवू या!”

“ते येतील कशाला?” सुशांत म्हणाला. “हाकलतील आपल्याला.”

संघमित्राने फोटो चाळले. नवव्यावर ती थांबली आणि तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू उमटलं. नवव्या फोटोत, जाईआजींच्या शेजारच्या दारात, फाटक्या बनियनमध्ये, तोंडभर फेस करून, कुशाबाकाका दात घासत उभे होते!

*

दुसऱ्या दिवशी दुपारी आकांक्षा निरागस चेहऱ्याने काकांच्या दारात उभी राहिली.

“काका, संध्याकाळच्या चित्रात तुम्ही पण आहात. दात घासताना. फेसाचा ओघळ मस्त आलाय! ठेवू ना?”

“काय?” काका हातातला चहा तसाच सोडून धावले. “सगळ्या चाळीसमोर? काढा आधी! कुठे आहे दाखवा!”

अभ्यासिकेच्या खिडक्या लावलेल्या होत्या. संध्याकाळसाठी आणलेला प्रोजेक्टर सुरू होता. भिंतभर चाळ उभी होती, आणि दारात खुद्द शामराव आजोबा बसले होते. एका डोळ्याला हिरवी पट्टी, दुसरा आधीच अधू, हातात काठी, शीवहून आले ते तडक इथेच.

“जयभीम शामराव! बघा, तुमची नात माझी अब्रू काढतेय!”

“काढू दे थोडी,” आजोबा मिश्कील हसले. “मला काय दिसतंय? तुम्हीच बघून सांगा.”

“काका, तुम्हाला काढून टाकते, नक्की,” संघमित्रा म्हणाली. “फक्त एक मदत करा. या गॅलरीच्या खालच्या कडेवर बोट ठेवा. ठेवलं? आता हलवायचं नाही हं!”

काकांनी भिंतीवर बोट टेकवलं. सुशांतने चित्र सुरू केलं.

वेल चढू लागला. एक, दोन, तीन... तेरापर्यंत गॅलरीची कड काकांच्या बोटावर चिकटून होती. चौदा. कड बोटाखालून निसटली. पंधरा, सोळा. कड खाली. एकविसाव्या फोटोला बोट एकीकडे आणि गॅलरीची कड चांगली बोटभर खाली!

“पुन्हा लाव,” काका म्हणाले.

पुन्हा तेच.

“काका, तुम्ही हललात?” आकांक्षाने विचारलं.

“मी कशाला हलेन?”

“मग भिंत हलली?”

“खुळी का काय तू? भिंत कशी हलेल!”

“मग हललं कोण?” संघमित्रा म्हणाली.

काकांनी भिंतीवरचं बोट हळूच त्या खाली गेलेल्या कडेपर्यंत आणलं.

“कुशाबा,” आजोबा काठी टेकत उठले. “मला त्या तुळईपाशी न्या.”

जाईआजींच्या गॅलरीला खालून तोलून धरणारी तुळई पहिल्या मजल्यावरून हाताला लागत होती. वर चकचकीत चॉकलेटी रंग. आजोबांनी पट्टीआडून बघायचा प्रयत्नही केला नाही. बोटांच्या पेरांनी लाकूड ठोठावत निघाले. टण्, टण्, टण्... आणि मग भद्. आतून नासलेल्या भोपळ्यासारखा आवाज!

“सुशांत, पेचकस आण, स्क्रूड्रायव्हर.”

पेचकस मुठीपर्यंत आत गेला. लोण्यात जावा तसा! बाहेर आला तो मातकट भुगा आणि वळवळणारी पांढरी वाळवी घेऊन.

“रंग उभा आहे,” आजोबा हळूच म्हणाले, “लाकूड केव्हाच गेलंय.”

मग जी पळापळ झाली! काकांनी जिन्यातूनच हाका मारल्या. “खाली कुणी थांबू नका! कोपऱ्यात कुणी जाऊ नका!” भिंतीच्या कडेकडेने जाऊन चाळीतल्या दोन तरुणांनी जाईआजींना बाहेर आणलं. पाऊल उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत त्या कुरकुरत होत्या, “मेल्यांनो, माझो चाय रवलो!” रमाकांत ठेकेदार लोखंडी टेकू घेऊन आला आणि मान खाली घालून लावत राहिला. टेकू बसल्यावर माणसांची साखळी धरून गोण्या उतरवल्या. शेवटची गोणी उचलली, आणि कर्रर्र! तुळईचा हातभर कुजका तुकडा निखळून अंगणात धप्पकन पडला. बरोबर तिथेच, जिथे दर वर्षी खिरीच्या पातेल्याभोवती पोरं उभी राहतात.

आपण बरोबर ठरलो याचा आनंद व्हायला हवा होता, पण संघमित्राला रडू का येत होतं ते तिलाच कळेना.

*

संध्याकाळी कार्यक्रम झाला, पण त्या कोपऱ्यापासून दूर, फाटकाजवळ. सगळी चाळ सतरंज्यांवर, गॅलऱ्या रिकाम्या. वंदना झाली, खीर झाली. पडद्यावर वेल चढला तेव्हा टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पुन्हा दाखवा, पुन्हा दाखवा करत पाच वेळा दाखवावा लागला.

मग कुशाबाकाका उभे राहिले. नेहमी माइक सोडवत नसे त्यांना. आज मात्र त्यांनी थोडक्यात सांगितलं.

“काल ही पोरं माझ्याकडे आली होती,” ते म्हणाले. “मी हसलो. रोज त्याच गॅलरीत उभा राहतो मी. मला दिसलं नाही, यांना दिसलं. माझी चूक झाली. उद्याच इंजिनीअर आणून चाळीची एकूण एक तुळई तपासतो. आणि तपासताना ही तिघं बरोबर असतील.”

“नुसती बरोबर नाही,” शामराव आजोबा खालून बोलले. “पुढे असतील! सुताराने लाकूड ओळखावं, त्यात नवल नाही. या पोरांनी नुसत्या फोटोंवरून ओळखलं. माझ्या डोळ्याची पट्टी सुटली की पहिलं यांचं हे चित्र बघायचं, ठरलं!”

टाळ्यांमध्ये तिघं लाजून एकमेकांना ढकलत होती. तेवढ्यात जाईआजी गर्दीतून वाट काढत आल्या. त्यांनी संघमित्राचं तोंड दोन्ही हातांत धरलं, मग सुशांतचं, मग आकांक्षाचं. तिघांच्या गालांवरून हात फिरवून त्यांनी आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. कड, कड, कड, कड!

सुशांत दचकून टुणकन उडाला आणि वर बघू लागला.

“अरे, बोटं होती ती!” संघमित्रा म्हणाली, आणि अख्खं अंगण हसत सुटलं.