मुक्त इच्छेची टोपी

दुय्यम निबंधक कार्यालयात इंदुबाई आवटींच्या डोक्यावर टोपी बसवायला दहा मिनिटं लागली, कारण त्यांनी अंबाडा सोडायला साफ नकार दिला. टोपीच्या आत धातूच्या थंडगार चकत्या होत्या. मेंदूतल्या लहरी आणि नाडीचे ठोके मोजून माणूस स्वतःच्या मनाने बोलतो आहे की कुणाच्या दबावाखाली, हे ती ठरवायची. तिचं सरकारी नाव ‘इच्छामापक’. तिचा हिरवा दिवा लागल्याशिवाय गेली दोन वर्षं राज्यात मृत्युपत्र होत नव्हतं आणि बक्षीसपत्रही नाही.

“मिळकत कुणाला द्यायची, त्यांचं नाव घ्या,” अधिकारी शेडबाळे म्हणाले.

“कांचन.”

दिवा लाल झाला.

“आता दुसऱ्या कुठल्याही नातेवाइकाचं. तुलनेला लागतं.”

“ऋतुराज.” हा इंदुबाईंच्या दिराचा मुलगा. अकरा वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा वारला तेव्हा दहाव्याला तोंड दाखवून गेला, तो पुन्हा मिरजेकडे फिरकला नव्हता.

दिवा हिरवागार.

“बघा आजी, पुतण्याच्या नावाने करत असाल तर आत्ता होऊन जाईल,” शेडबाळे आपुलकीने म्हणाले.

इंदुबाईंच्या वकील सुलभा मगदूम यांचं डोकंच सणकलं. “साहेब, ज्याचा चेहरा त्यांना आठवत नाही त्याला सगळं दिलं तर ती मुक्त इच्छा, आणि जिच्या हातचं त्या रोज खातात तिला दिलं तर दबाव? हा कुठला न्याय?”

“मॅडम, मी फक्त दिवा बघतो. मागच्या खेपेला आणि आज, दोनदा लाल झालाय. तिसऱ्यांदा झाला की मृत्युपत्राचा हक्क संपला.”

कांचन ही इंदुबाईंची सून. मुलगा गेल्यावर इंदुबाईंनीच पुढाकार घेऊन तिचं दुसरं लग्न लावून दिलं होतं. तरी ती रोज सकाळी यायची, इन्सुलिनचं इंजेक्शन द्यायची आणि दुपारपर्यंत पिठाची गिरणी चालवायची. गिरणी आणि वरची खोली इंदुबाईंनी स्वतःच्या कष्टाने घेतलेली. पण मृत्युपत्र झालं नाही तर कायद्याने ही मिळकत सासरकडच्या वारसाला, म्हणजे ऋतुराजला जाणार होती. दुसरं लग्न केलेल्या सुनेला कवडीही मिळणार नव्हती. डॉक्टरांनी तर इंदुबाईंच्या हृदयाचा भरवसा सहा महिन्यांपलीकडे द्यायचं नाकारलं होतं.

सुलभाच्या संतापात थोडी शरमही होती. मरणाच्या दारातल्या बापाचा अंगठा शाईत बुडवणारी मुलं तिने डोळ्यांनी पाहिली होती. म्हणूनच इच्छामापक आला तेव्हा वकील संघटनेच्या सभेत टाळ्या वाजवणाऱ्यांत ती पहिल्या रांगेत होती. आता तिने माहितीच्या अधिकारात अर्ज ठोकला: हे यंत्र दबाव ओळखायला शिकलं कुठून?

उत्तर सहाव्या आठवड्यात आलं. यंत्राला न्यायालयांनी रद्द ठरवलेल्या चाळीस हजार मृत्युपत्रांची निकालपत्रं वाचायला दिली होती. त्या बहुतेक खटल्यांत घर मिळालं होतं ते जवळ राहणाऱ्याला, खाऊ घालणाऱ्याला, औषध देणाऱ्याला. जाणाऱ्या माणसाचा जीव ज्याच्यात गुंतलेला, तोच संशयित, हे यंत्राने मनाशी पक्कं केलं होतं; नाव घेताना आत माया हलली की ते दिवा लाल करायचं.

सुलभाने कपाळावर हात मारला. अहो, कोर्टात येतात ती भांडण झालेली मृत्युपत्रं! मायेने लिहिलेली, कुणीही हरकत न घेतलेली लाखो मृत्युपत्रं कुठल्याच निकालपत्रात नसतात. यंत्राने ती पाहिलीच नव्हती. सनद मिळून महिना झालेल्या वकिलानेही हे सांगितलं असतं, पण कुणी विचारलं नाही; आणि ज्यांनी न विचारता सांगायला हवं होतं, ते टाळ्या वाजवत बसले.

तिने उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. तारीख पडली अकरा महिन्यांनंतरची.

गिरणीत जाऊन तिने इंदुबाईंना सगळं समजावून सांगितलं. इंदुबाई पदराने हातावरचं पीठ पुसत ऐकत होत्या.

“म्हंजे माया आटली की दिवा हिरवा?”

“तसंच म्हणायचं, मावशी.”

त्यानंतर आठवड्याभरात बातमी आली, की इंदुबाईंनी कांचनला हाकलून दिलं. भर गिरणीत, दळण घेऊन आलेल्या बायकांसमोर, “तुझा डोळा माझ्या जागंवर हाय, पुन्यांदा उंबरा चढू नगंस,” म्हणाल्या. कांचन रडत गेली. दोनदा परत आली, दोनदा दार लागलं. इंजेक्शनसाठी दवाखान्यातून नर्स येऊ लागली. म्हातारपणी माणसं विचित्र वागतात, असं सुलभाने धरलं.

तीन महिन्यांनी इंदुबाईंनी तिसरी चाचणी मागितली. मजकूर तोच, सगळं कांचनला. सुलभा आधी चक्रावली, मग तिला उलगडा झाला: कांचनला हाकललं होतं ते या टोपीसाठी.

“कांचन,” इंदुबाई टोपीखालून म्हणाल्या.

दिवा हिरवा झाला. साक्षीदारांनी सह्या केल्या. शेडबाळेंनी अभिनंदन करून नियम सांगितला: आजी हयात असेपर्यंत वारसाने तक्रार केली तर पुन्हा टोपी घालावी लागेल.

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसताच सुलभा म्हणाली, “कमाल केलीत, मावशी! तक्रार होईल तेव्हा बघू, मी आहे. आता बोलवा तिला. सगळं नाटक होतं म्हणून सांगा.”

इंदुबाई हातातल्या पावतीकडे बघत राहिल्या.

“मलाबी नाटकच वाटलेलं, वकीलबाई. पयला महिना रडण्यात गेला. मग रोज उठून तिचं एकेक वंगाळ आठवायचं ठरवलं. सापडंना, तवा रचून काढलं. आन् आज तिचं नाव घेतलं, तर आत कायबी हललं न्हाई.”

“परत येईल सगळं. माया अशी जात नसते.”

“टोपीला तर दिसली न्हाई.” इंदुबाईंनी पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. “जिच्यापायी एवढं केलं तीच माझ्यातनं गेली. मग ही जागा मी आता देऊन चालले ती कुणाला, सांगा की?”