निर्जल

एतेल्विनाबाईंच्या कॅफेतला हवामान सांगणारा चिनीमातीचा निळा कोंबडा ऐन ऑगस्टच्या उन्हाळ्यात गुलाबी झाला, आणि पोर्तुगालमधल्या आलेंतेझूच्या त्या ठणठणीत कोरड्या गावाने पावसासाठी संत अंतोनियोची पालखी काढायचे ठरवले. निवृत्त रसायनशास्त्रज्ञ लिओनेल सार्मेंतु यांना हे कळले तेव्हा त्यांनी चमचा बशीत ठेवला. आवाज मुळीच झाला नाही. त्यांचा संताप नेहमीच असा सभ्य असे.

"बाई, हा पक्षी भविष्यवेत्ता नव्हे. त्याच्या अंगावर कोबाल्ट क्लोराईडचा लेप आहे. निर्जल असताना निळा, पाणी मिळाले की गुलाबी. आणि आपण त्याला कॉफीयंत्राच्या वाफेत उभे केले आहे."

"वाफेत तर तुम्हीही रोज बसता, प्रोफेसर," एतेल्विनाबाई पेला पुसत म्हणाल्या. "तुमच्या गालावर कधी लाली आली नाही ती!"

कॅफे खदखदून हसला. सार्मेंतुंनी तिथेच पैज लावली: रविवारी चौकात ते कोंबड्याला निव्वळ श्वासाने गुलाबी करतील. झाला, तर पालखी रद्द. न झाला, तर ते स्वतः अनवाणी पालखीला खांदा देतील.

"संताला एक खांदा कमीच होता," फादर आबिलियु म्हणाले.

रविवारी सार्मेंतुंनी भट्टीत तापवून निळाशार झालेला कोंबडा उंच धरला, पाण्याच्या रेणूंवर छोटेखानी व्याख्यान दिले आणि त्याच्यावर दीर्घ श्वास सोडला.

कोंबडा निळाच राहिला.

त्यांनी पुन्हा फुंकले. घेरी येईपर्यंत फुंकले.

"आणा इकडे," म्हणत एतेल्विनाबाईंनी लसणाचा एक घमघमता उसासा टाकला. शेपटीपासून तुऱ्यापर्यंत कोंबडा लाजला.

पुन्हा तापवला. फादरांच्या श्वासाने गुलाबी. पुन्हा तापवला. पोस्टमनच्या खोकल्यानेसुद्धा गुलाबी. सार्मेंतुंच्या श्वासाने निळा.

"काय म्हणता हो तुम्ही त्याला?" फादरांनी आदराने विचारले. "निर्जल ना?"

हशा पिकला. सार्मेंतुंनी मोजे काढले. त्यांचे सारे आयुष्य ज्यावर उभे होते ते एक साधे समीकरण चुकले होते. ते पुन्हा जुळेपर्यंत पुरावा हातचा सोडायचा नाही, म्हणून कोंबडा त्यांनी खिशात ठेवला.

पालखी वेशीपाशी पोचली आणि पाऊस कोसळला.

"चला, चला! माझे कपडे वाळत घातलेत!" एतेल्विनाबाई आनंदाने ओरडल्या. फादरांचा झगा पायांना चिकटला. संताच्या नाकावरून धार लागली.

सार्मेंतुंनी घाईघाईने कोंबडा बाहेर काढून पावसात धरला. आता तरी. एवढ्या पाण्यात तरी.

निळा.

त्यांनी तो बाईंच्या हातात दिला. गुलाबी. परत घेतला. त्यांच्या बोटांपासून निळाई पसरत गेली.

"प्रोफेसर," बाई हलकेच म्हणाल्या, "मागे बघू नका हं. चालत राहा."

त्यांनी पाहिले.

भिजून काळ्या पडलेल्या फरसबंदीवर त्यांची अनवाणी पावले उमटली होती, पांढरी, कोरडी. पाऊस त्या ठशांवर पडत होता, तरी ते भिजत नव्हते. आणि मागून येणारे सारे गाव त्यांना वळसा घालून चालले होते.